मागून रिकामी गाडी येतेय

कणकवलीच्या स्टँडवर बोरिवली गाडीत चढलो आणि सवयीने सरळ कंडक्टरच्या सीटवर जाऊन बसलो. "आजोबा, ती माझी जागा आहे," मिसरूड फुटलेला एक कंडक्टर म्हणाला, तेव्हा आठवलं की आपण रिटायर झालोय. मुकाट्याने उठलो. पण आजोबा म्हणाला याचा राग आला तो आलाच.

उभी नोकरी एसटीत गेली, त्यातली अर्धी मुंबईच्या फेऱ्यांवर. पण मुंबई पाहिली किती? डेपोतली झोपायची खोली, बाहेरची चहाची टपरी, की परत डबल बेल. लोकांना उतरवता उतरवता आपलं उतरायचं राहून गेलं. त्यामुळे वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासाचं काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा म्हटलं, थांबा, या खेपेला मुंबईत खरोखर उतरून येतो.

निमित्त होतं रेश्मा. ती घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत, एका बौद्ध घरात वाढली आणि आता तिथल्याच तरुण पोरापोरींची संघटना चालवते. गेल्या वर्षी आमच्या गावात तिने युवकांचं शिबिर घेतलं, तेव्हा आठवडाभर आमच्याकडे मुक्काम होता. तिचा फोन आला, "काका, रविवारच्या आत या. आमची खोली जातेय. सावंतकाका तुमच्याच वाडीचे ना? माझं ऐकत नाहीत ते, तुमचं ऐकतील." मी म्हटलं, अगं, सावंत स्वतःच्या बायकोचं ऐकत नाही, माझं काय ऐकणार! पण गेलो.

शुक्रवारी सकाळी चेंबूरला उतरून रिक्षा केली. टेकडीच्या पायथ्याशी रिक्षावाल्याने हात जोडले, "आगे नहीं जायेगा, चाचा." पुढे पायऱ्या. त्या काही देवळाच्या पायऱ्या नव्हेत. इथली प्रत्येक पायरी कुणाचा तरी उंबरठा आहे. एकीवर कुकरची शिट्टी, दुसरीवर बाळाची अंघोळ, तिसरीवर दाढी चाललेली. "जरा पाय उचलून हां, काका," म्हणत एक बाई माझ्या चपलेखालून सुकट ओढून घेते! वर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला. पण वारा मात्र झकास. उतरणारं विमान डोक्यावरून इतकं खालून गेलं की मी आपोआप मान खाली घातली, आणि कट्ट्यावरच्या पोरी खो खो हसल्या.

त्यातलीच एक अंकिता. बारावी झालेली, नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणार. तिनेच मला ती खोली दाखवली. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, भिंतीला लागून फळ्यांची टेबलं. एका भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, समोरच्या भिंतीवर खुंटीला पखवाज. वस्तीत निम्मी घरं कोकणातली, गिरण्या बंद पडल्यावर इथे येऊन टेकलेली. निम्मी घरं बौद्ध, सातारा-सोलापूरकडची. कोकणी भजनी मंडळाने आणि बौद्ध तरुण मंडळाने मिळून डोक्यावरून विटा वाहिल्या आणि ही खोली बांधली. गुरुवारी भजन, पौर्णिमेला वंदना आणि बाकी सगळा वेळ पोरांचा अभ्यास.

"घरी का नाही करत अभ्यास?" मी विचारलं.

अंकिताने मला घरी नेलं. म्हणजे दार उघडून दाखवलं, कारण आत माझ्यासाठी जागाच नव्हती. आई शिवणयंत्रावर, आजी खाटेवर, खाली दोन भावंडं आणि टीव्ही. "सांगा काका, पुस्तक कुठे उघडू?" ती म्हणाली.

आता प्रकरण काय ते सांगतो. वस्ती पाडून तिथे इमारती व्हायच्या आहेत. त्याला कुणाचाच विरोध नाही, रेश्माचाही नाही. पण बिल्डरला सगळ्यात आधी ही खोली हवी, साइट ऑफिससाठी. नव्या नकाशात खोली कुठे आहे विचारलं की उत्तर मिळतं, "येईल, पुढच्या टप्प्यात येईल." रविवारी सभा. ठरावाला बहुमताने हात वर झाले की सोमवारी खोलीला टाळं.

दुपारी रेश्मा मला साकीनाक्याला घेऊन गेली. वस्तीतले बरेच पुरुष तिथल्या गाळ्यांत (छोट्या कारखान्यांत) कामाला. जेवणाच्या सुट्टीत ती गाळ्यागाळ्यात जाते, डब्याशेजारी उकिडवी बसते आणि सभेचं आमंत्रण देते. भाषण नाही, पत्रक नाही. "रविवारी या. काय विचारायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच. लोखंडाचा कीस, तेलाचा वास, यंत्रांचा कल्ला. त्यात एकाने मला भाकरीबरोबर ठेचा दिला आणि माझ्या डोळ्यांतून गंगायमुना! पण खोलीचं नाव निघालं की घास घेणारे हात थबकायचे. एक कोकणी माणूस माझ्याकडे बघत रेश्माला म्हणाला, "ती खोली तुमच्या लोकांची ना? तुमचं तुम्ही बघा."

रेश्माचा चेहरा हलला नाही. "पखवाज कुणाचा आहे, दादा?" तिने विचारलं. तो डबा बंद करून उठला.

बाहेर आलो तर मोटारसायकल आडवी लावून एक जण उभा. पांढराशुभ्र शर्ट, हसरा चेहरा, बोलणं लोण्यासारखं. बिल्डरचा माणूस. "रेश्माताई, उन्हात कशाला फिरता? आईची शुगर कशी आहे आता? दुपारी एकट्याच असतात ना घरी?"

बसमध्ये दारुडे, खिसेकापू, चाकूवाले सगळे बघितलेत मी, पण इतकं गोड कुणी धमकावलं नव्हतं. रेश्मा "बरी आहे" म्हणाली आणि चालू लागली. कोपऱ्यावर वळल्यावर तिने आधी आईला फोन लावला, "दार लावून घे गं. काही नाही. असंच." मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, तर म्हणाली, "काका, आत्ता नको ना. चला."

शनिवारी सकाळी मी एकटा सावंताकडे निघालो. तो आरे कॉलनीतल्या एका तबेल्यावर मुकादम आहे आणि वस्तीच्या सोसायटीचा अध्यक्षही. मरोळकडून बस आरेत शिरली आणि मी खिडकीला नाक लावलं. मुंबई अचानक संपलीच! दोन्ही बाजूंना झाडी, रस्त्यावर सावली, मधेच एखाद्या पाड्याची (आदिवासी वस्तीची) कौलं, मग शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास. क्षणभर वाटलं, फोंड्याचा घाट उतरतोय.

"कोण रे? परबांचो बाबू? मेल्या, तू हय खंय?" सावंताने गोठ्यातूनच हाक मारली. निरशा दुधाचा चहा पाजला. गावच्या गजाली झाल्या. मग मी विषय काढला आणि त्याने कप खाली ठेवला.

"रेश्मान धाडल्यान तुका," तो म्हणाला.

"तिनेच. खोटं कशाला बोलू?"

तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागला. "बाबू, माझे गुडघे गेले. हिचेय गेले. ती टेकडी चढतंव तेव्हा देव आठवता. माका तळमजलो देतंव म्हणतत. मी हात वर करूचो नाय तर काय करू? पोरांची खोली महत्त्वाची, आणि म्हाताऱ्यांचे पाय नाय?"

गुडघे माझेही दुखतात. रागाने भांडणारा माणूस परवडला, खरं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं? मी चहा संपवला आणि आल्या बसने परत आलो.

रेश्माला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "ठीक आहे. संध्याकाळी तालीम आहे, त्यात तुम्हाला काम आहे."

ही तालीम म्हणजे या पोरांची खास रीत. कुठल्याही सभेच्या आदल्या दिवशी हे लोक सभा खोटी खोटी भरवतात. एक जण साहेब होतो, एक जण बिल्डरचा माणूस, आणि वस्तीतल्या आयाबाया प्रश्न विचारायचा सराव करतात. आयुष्यभर साहेबासमोर गप्प बसलेल्या बाईचा आवाज पहिल्यांदा फुटतो तो या तालमीत. दोन नियम मात्र कडक. मोठ्या सभेत बाहेरच्या माणसाने तोंड उघडायचं नाही. खुद्द रेश्माही तिथे बोलत नाही, कारण तिचं घर आता पायथ्याशी भाड्याचं, ती सोसायटीची सभासद नाही. दुसरा नियम असा की तालमीत जो समोरची बाजू घेईल त्याने जिंकायलाच खेळायचं.

"बिल्डरचा माणूस आमच्यातलं कुणी झालं की बायका हसत सुटतात," रेश्मा म्हणाली. "तुम्ही नवे. आणि काका, हरायला खेळू नका हां. खराखुरा जोर लावा."

झालं. मला तेवढंच पाहिजे होतं. मी शर्ट खोचला, खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि माझ्या अंगात जुना कंडक्टर संचारला. आयाबाया, म्हातारेकोतारे दाटीवाटीने बसलेले. पुढे सावंताची बायको, रुक्मिणीकाकी, पदर खोचून. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आमची पोरां खंय बसतली?" मी हसलो. आवाज खाली आणला. "काकी, तुमच्या पोरांसाठीच तर चाललंय हे सगळं. ही खोली गळकी. हिला धरून बसाल तर नवी चुकेल. आत्ता हिच्यातून उतरा. मागून मोठी येतेय, रिकामी, तुमच्यासाठीच."

आमच्या धंद्यातला हा रामबाण. गाडी खच्चून भरली की दारात लोंबकळणाऱ्यांना सांगायचं, "उतरा, मागून रिकामी गाडी येतेय!" माणसं निमूट उतरतात. मग डबल बेल. ती मागची गाडी कुणी पाहिलेली नाही, कंडक्टरनेही नाही. पण वाक्य कधी वाया जात नाही.

"तर मग, कोण कोण तयार?" मी विचारलं.

काकींचा हात वर गेला. शेजारणीचा गेला. मग मागे एक, कोपऱ्यात दोन, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त खोली हात वर करून बसली. मी घाबरून रेश्माकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. आजवरच्या तालमीत बिल्डर कधी जिंकलाच नव्हता, आणि जिंकला तर काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं!

"अहो, नाटक आहे हे!" अंकिता ओरडली. "हात खाली घ्या ना!"

"नाटक असला तरी बरोबर बोलतत ते," एक म्हातारा म्हणाला. "मोठी खोली गावतली तर वाईट काय?" आणि लोक पांगले. कुणी प्रश्न विचारले नाहीत, कुणी चर्चा केली नाही. काकी जाताना माझ्याकडे नीट बघून गेल्या, तेवढंच.

अंकिता पुस्तकं उचलून छातीशी धरून उभी होती. डोळे भरलेले. "काका, तुम्ही तर पूर्ण वाट लावली. तो पांढऱ्या शर्टवाला एवढं छान बोलला नसता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रेश्माला म्हटलं, "अगं, घरोघर जाऊन सांग, ती थाप होती म्हणून. मी येतो बरोबर."

"नाही," ती म्हणाली.

"नाही काय नाही! खोली जाईल ना!"

"जाईल." तिचा आवाज चिरकला. "आज त्यांनी तुमचं ऐकून हात वर केला, उद्या माझं ऐकून खाली ठेवतील. परवा तिसऱ्याचं ऐकतील. मग मी एवढी वर्षं काय केलं, काका? विचार करायला एक रात्र आहे त्यांच्याकडे. करू दे."

हे तत्त्व मला तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटलं, आजही थोडं वाटतं. जेवायला काकींनी बोलावलं होतं. बांगड्याचं तिखलं (आमच्याकडचं दाट कालवण), भात, आणि पानावर सावंत, काकी, मी असे तिघे. एरवी मी अशा बांगड्यावर तीनदा भात घेतला असता. त्या दिवशी काटे काढत बसलो.

रविवार. पायथ्याशी मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारातच वडापाव आणि चहा फुकट. खुर्च्या भरल्या, पायऱ्यांवर माणसं बसली. साकीनाक्याचा तो डबा बंद करून उठलेला कोकणीही आला होता. मी आणि रेश्मा अगदी मागे, मांडवाच्या बांबूला टेकून. व्यासपीठावर पांढरा शर्ट आणि शेजारी अध्यक्ष सावंत, नव्या टोपीत अवघडून बसलेला.

पांढरा शर्ट उठला. "मी तुमच्याच घरातला," इथून सुरुवात. लिफ्ट सांगितली, टाइल्स सांगितल्या, चोवीस तास पाणी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आता राहिली ती वरची खोली. एका समाजाच्या खोलीसाठी सगळ्यांची घरं अडवायची का? तुम्हीच ठरवा." मांडवात कुजबुज झाली. बौद्ध घरातली दोन पोरं ताडकन उठली. त्यांनी मागे वळून बघितलं, रेश्माने नुसती मान हलवली, तशी खाली बसली. माझ्या जिभेवर शिवी आली होती. नियम आठवून ओठ दाबून धरले.

"आणि आम्ही काही ती हिरावून घेत नाही," तो पुन्हा गोड झाला. "आत्ता एवढी सोडा. मागून मोठं सभागृह येतंय, तुमच्यासाठीच. चला, सावंतसाहेब, हात वर करायला सांगा."

शब्दन्‌शब्द माझा! मी रेश्माचं मनगट पकडलं. सावंत उठला, घसा खाकरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून रुक्मिणीकाकी गुडघ्यावर हात रोवून उभ्या राहिल्या.

"मागसून येता म्हणतंस?" त्या म्हणाल्या. "मगे सांग, खंयपर्यंत इली ती गाडी?"

"गाडी? कसली गाडी, आई?" पांढरा शर्ट गोंधळला.

पायऱ्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. कालच्या तालमीतले सगळे हसू लागले आणि हसणं मांडवभर पसरलं. काकी मात्र हसत नव्हत्या.

"माझ्या चेडवाक (मुलीला) ताप होतो. तिका कडेवर घेवन मी गाडीत चढलंय, कंडक्टर म्हणालो, उतर, मागसून रिकामी येता. मी उतरलंय. दिवस मावळलो, गाडी काय इली नाय. काल रात्री माका ता सगळा आठवला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्या खोलीत माझ्या सासऱ्याचो पखवाज आसा. एका समाजाची म्हणतंस? विटा मी व्हायल्यत. तुझी मोठी खोली खंय आसा, ती आधी कागदावर दाखव. मगे हात मागा."

"दाखवा! नकाशा दाखवा!" मागून अंकिताचा आवाज. मग दुसरा. मग साकीनाक्याचा तो कोकणी, "होय, नकाशा उघडा ना, साहेब!" पांढरा शर्ट हसत राहिला, पण नकाशाची गुंडाळी काही उघडेना. "पुढच्या टप्प्यात..." तो म्हणाला, आणि पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

सगळे सावंताकडे बघू लागले. अध्यक्षाने हात मागितले असते तर निम्मे अजूनही वर गेले असते, लिफ्ट काही कुणाला नको नव्हती. सावंताने बायकोकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे बघितलं असं मला वाटलं, कदाचित नुसतीच मान खाली घातली असेल.

"ठराव आज मांडूचो नाय," तो म्हणाला. "खोली नकाशात येवंदे. मगे बघू." आणि खाली बसला.

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. पांढरा शर्ट जाताना सावंताच्या कानाशी वाकून हसत काहीतरी बोलला आणि सावंताचा चेहरा उतरला. तळमजला गेला हे सांगायला ज्योतिषी नको. खोली वाचली तीही नकाशा येईपर्यंतच. रेश्मा बांबूला टेकून खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडली. मी वर गेलो तेव्हा अंकिताने खोली उघडून पंखा लावला होता आणि वाचायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काका, दार लोटून घ्या ना. खाली कल्ला आहे."

काकींना भेटायला गेलो. वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "तू नव्हतंस रे तो कंडक्टर. तो काळो होतो."

परतीला चेंबूरलाच गाडी पकडली. या खेपेला दहा नंबरची खिडकी, तिकिटावर लिहिलेली. पनवेलला ही झुंबड. दारात एक बाई, कडेवर झोपाळलेलं पोर, हातात पिशवी. कंडक्टरने दार अडवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ताई, उतरा. मागून रिकामी गाडी येतेय!"

बाईने पाय मागे घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, कुठपर्यंत आलीय ती?"

कंडक्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी रिटायर नसतो तर तिथेच मारामारी झाली असती. मग त्याने मागच्या रस्त्याकडे एकदा बघितलं, मान फिरवली आणि पुटपुटला, "चढा. पण जागा नाही हां, सांगून ठेवतो."

जागा होती. दहा नंबरची. पोर माझ्या पिशवीवर डोकं ठेवून झोपलं आणि त्याची आई झोपली त्याच्या डोक्यावर. मी वरचा दांडा धरून उभा राहिलो. महाडपर्यंत गुडघ्यांनी सावंताची आठवण करून दिली. त्याच्या पुढचं गुडघ्यांनाच विचारा.